आक्कांची चटणीतुला

आमच्या सासूबाई हवेत अडकल्या तेव्हा पार्किंगमध्ये शंभरेक माणसं होती, आणि त्यांतल्या एकालाही त्यांना खाली कसं आणायचं ते सुचत नव्हतं. माणसं वर बघत होती. सासूबाई खाली बघत होत्या. मी खांद्याला बाम चोळून, हातात औक्षणाचं ताट धरून उभी होते, आणि मनात एवढंच म्हणत होते की हे सगळं लवकर संपू दे, मला आडवं पडायचंय.

आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं. अजूनही भेटायला येणारे म्हणतात, आक्कांच्या आठवणी सांगा की. मी सांगायला बसले की आधी उजव्या खांद्यातून कळ येते. त्यामुळं माझ्या आठवणी खांद्यापासून सुरू होतात, त्याला माझा इलाज नाही.

आक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आई असं कुणीच म्हणत नव्हतं. त्यांच्या दीर-नणंदा आक्का म्हणायच्या, ते ऐकून पोटची पोरंही आक्का म्हणायला लागली, मग गल्ली, मग दूधवाला, मग डॉक्टर. माहेर कानडी सीमेकडच्या वळसंगचं. लग्न होऊन सोलापुरात आल्या, मास्तरांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, संसार केला, तीन मुलं शिकवली, पण बोलणं वळसंगचं ते वळसंगचंच राहिलं. राग आला की कानडी. त्यातला एक शब्द आम्हाला सगळ्यांना पाठ होता, 'साकु'. म्हणजे पुरे. हा शब्द त्या फक्त स्वतःच्या ताटापुरता वापरत. दुसऱ्याच्या ताटाला साकु नव्हतं.

आणि त्यांच्या घरातून रिकाम्या हातानं कुणी जायचं नाही. हातात काय, तर शेंगाचटणी. पाहुण्याला चटणी, पोस्टमनला चटणी. विजेचं मीटर तोडायला आलेला माणूस चटणी घेऊन गेला (मीटर तोडूनच गेला, पण दुसऱ्या दिवशी जोडायला आला तेव्हा रिकामा डबा परत घेऊन आला). प्रकाशभावजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना, मुली बघायचं चाललं होतं तेव्हा ज्यांनी नकार दिला त्यांनाही आक्कांनी जाताना चटणी बांधून दिली. त्यांतलं एक घर अजून दर दिवाळीला फोन करतं. चौकशी मुलाची नसते, चटणीची असते. डॉक्टरांनी आक्कांना मीठ-तिखट कमी करायला सांगितलं, तर डॉक्टरांनाही त्यांनी पुडी दिली आणि म्हणाल्या, मी कमी खाते, तुमी खावा.

मी या घरात सून म्हणून आले त्याच आठवड्यात आक्कांनी मला उखळापाशी बसवलं. शेंगदाणे मंद आचेवर भाजायचे, साल पाखडायची, मग लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून कांडायचं. किती वेळ कांडायचं? तेल सुटेस्तोवर. मी कांडलं. माझ्या मते तेल सुटलं होतं. आक्कांनी चिमूट उचलली, दोन बोटांत चोळली, आणि म्हणाल्या, "हे कूट झालं. चटणी न्हाय."

मी शाळेत शिकवत होते. बी.एड. होते. पोरांना नापास करायची सवय होती, नापास व्हायची नव्हती. पण त्या दिवसापासून पस्तीस वर्षं मी त्या एका विषयात नापास होत राहिले. दर खेपेला चिमूट, दर खेपेला दोन बोटं, दर खेपेला "बरं हाय, पर कूटच हाय." मग त्या पदर खोचून बसायच्या आणि माझंच कूट पुन्हा कांडून त्याची चटणी करायच्या. मला साडी नको होती, दागिना नको होता. एकदा, फक्त एकदा, आक्कांनी माझ्या चटणीला चटणी म्हणावं, एवढीच माझी हाव होती. सांगायला लाज वाटते, पण होती.

तर आक्कांना एक्याऐंशी लागलं आणि सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. कल्पना प्रकाशभावजींची. ते पुण्याला इंजिनिअर आहेत, त्यामुळं कल्पना त्यांच्या असतात आणि काम सोलापुरात होतं. म्हणाले, आपण आक्कांची तुला करू. एका पारड्यात आक्का, दुसऱ्यात गूळ. आक्का म्हणाल्या, गूळ कशाला? निम्म्या भावकीला साखर आहे, गूळ वाटून त्यांना काय लवकर पाठवायचंय? मग वह्यांची तुला करू, साखरेची करू, तांदळाची करू, अशी बरीच चर्चा झाली. आक्का शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, चटणीची करा. आयुष्यभर चिमटीनं दिली, मुठीनं दिली, एकदा अंगाइतकी द्यायची. निम्मी भावकीला आणि गल्लीला, निम्मी मुलींच्या वसतिगृहाला.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या वाजवताना माझ्या लक्षात आलं की आता आक्कांचे हात थरथरतात, त्या उखळापाशी बसू शकत नाहीत, आणि या घरात उखळापाशी बसणारं दुसरं माणूस एकच आहे.

मी भीतभीत सुचवलं की बाजारात कांडप मशीन असतं. आक्का म्हणाल्या, मशीनमध्ये दाणा तापतो, तेल कडू होतं. मिक्सरचं तर नावही काढायची सोय नव्हती. म्हणजे हातानं. एप्रिल महिना, सोलापूरचं ऊन, आणि मी बाल्कनीत दगडी उखळापुढं. सकाळी कांडायचं, दुपारी निजायचं, संध्याकाळी पुन्हा कांडायचं. 'आमचे हे' मदतीला होते. ते दाणे सोलायचे. दोन दाणे परातीत, एक तोंडात. आणि मधूनमधून पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे, कारण त्यांच्या मते त्यामुळं माझं मन रमत होतं. खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार करायला वर आल्या, की डोक्यावर दिवसभर धाडधाड चालतंय. आक्कांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि चटणी बांधून दिली. दुसऱ्या दिवसापासून त्या तक्रारीला रोज यायला लागल्या.

आता प्रश्न, चटणी किती करायची? म्हणजे आक्कांचं वजन किती? त्या आधी वजन करून द्यायला तयार नव्हत्या. तुलेच्या आधी वजन केलं तर तुलेला काय अर्थ राहिला, असं त्यांचं म्हणणं. ह्यांना आठवत होतं की डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी आक्का साठ भरल्या होत्या. ते ऑपरेशन कधी झालं होतं हे मात्र ह्यांना आठवत नव्हतं. भावजी फोनवर म्हणाले, साठ धरू. वन्सं म्हणाल्या, आक्कांची हाडं जड आहेत, जास्तच धरा. (वन्सं म्हणजे शैला, माझी नणंद, सांगोल्याला असते. तिचं डाळिंबाचं शेत आहे आणि माझ्याविषयी तिची ठाम मतं आहेत.) मी म्हटलं, कमी पडली तर भर मांडवात सगळे म्हणतील की सुनेनं चटणीतसुद्धा हात राखला. म्हणून मी आणखी वर पाच किलो केली. माझा खांदा त्या पाच किलोंत गेला.

रोज मी डबा भरला की आक्का चिमूट घ्यायच्या, दोन बोटांत चोळायच्या आणि काही न बोलता झाकण लावायच्या. कूट म्हणाल्या नाहीत, चटणीही म्हणाल्या नाहीत. मी विचारलंच शेवटी, कशी झालीय? तर म्हणाल्या, तुलेच्या दिवशी बघू.

काटा ह्यांनी आणला. मार्केट यार्डात ह्यांच्या ओळखीचे एक आडतवाले आहेत, त्यांच्याकडं कांद्याची पोती तोलायचा जुना लोखंडी काटा पडून होता. वर दांडी, दोन्हीकडं साखळ्या, साखळ्यांना लाकडी फळ्या. मी तो तीनदा धुतला तरी कांद्याचा वास जाईना. मग वन्संनी त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. आता कांदा आणि झेंडू असा मिळून एक वास यायला लागला, लग्नाच्या पंगतीच्या दुसऱ्या दिवशी येतो तसा. भावजींनी काटा पार्किंगच्या तुळईला टांगला, दोन्हीकडं सिमेंटची पोती ठेवून चाचणी घेतली आणि 'परफेक्ट' म्हणाले. तो शब्द ऐकला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

कारण मग त्यांना दुसरी कल्पना सुचली. एरवी माणूस पारड्यात बसतो आणि समोर हळूहळू वस्तू ठेवत जातात, बरोबरी झाली की थांबतात. शहाणी पद्धत आहे. भावजी म्हणाले, त्यात फार वेळ जातो, व्हिडिओ लांबतो. आपण सगळी चटणी आधीच पारड्यात रचू, वर फुलं घालू. आक्का नुसत्या बसतील आणि काटा आपोआप बरोबरीत येईल. हे म्हणाले, वा. वन्संही वा म्हणाल्या. मी भिंतीला टेकून उभ्या उभ्या डुलकी काढत होते.

मुहूर्त सकाळचा होता. आक्का नवीन इरकल नेसून, नाकात नथ घालून आल्या. चटणीचं पारडं जमिनीला टेकलेलं होतं, आक्कांचं अर्थातच वर. चौघांनी ते खाली दाबून धरलं, वर गादी टाकली, आक्कांना बसवलं. गुरुजींनी संकल्प सांगितला, या समोर ठेवलेल्या सगळ्याचं दान, असं स्पष्ट म्हटलं, आक्कांच्या हातावरून पाणी सोडलं. मग भावजींनी व्हिडिओवाल्याला आणि फोटोग्राफरला खूण केली आणि चौघांना म्हणाले, सोडा.

सोडलं. आणि आक्का वर गेल्या.

एकदम नाही, अगदी सावकाश गेल्या. माझ्या कमरेच्या वर येऊन, जराशा हेलकावून थांबल्या. नथ हलत राहिली. चटणीचं पारडं जमिनीवर ढिम्म बसलं होतं. व्हिडिओवाला त्यांच्याबरोबर कॅमेरा वर नेत होता, त्याला वाटलं असंच ठरलंय.

गुरुजी सावरून म्हणाले, उत्तम, दानाचं पारडं जड राहिलं, अतिशय शुभ. सगळ्यांनी हुश्श केलं. भावजी म्हणाले, चला, आक्कांना उतरवा. आणि तेव्हा वरून आवाज आला, "मी उतरत न्हाय."

का म्हणून? तर बरोबरी झाली नाही. आक्कांचं म्हणणं असं, की माझ्या अंगापेक्षा जास्त दिलं, म्हणजे ते जास्तीचं दुसऱ्या कुणाचं तरी दिलं. मला माझं द्यायचंय. मी आहे तेवढीच द्यायची. भावजी म्हणाले, मग काढू की चार डबे. गुरुजींनी जीभ चावली. पाणी सोडलं, दान झालं, आता एक चिमूटसुद्धा परत उचलता येणार नाही. म्हणजे चटणी कमी करता येत नव्हती, आक्का उतरत नव्हत्या, आणि पलीकडं जेवणाचा आचारी विचारत होता की पुऱ्या सोडू का थांबू.

राहिला एकच उपाय, आक्कांचं वजन वाढवणं. वन्संनी मांडीवर समई ठेवली. आक्कांनी ती परत दिली, समई म्हणजे मी न्हवं. भावजींनी पितळी घंगाळ आणलं. तेही परत. त्यांना तिथं वर बरं वाटायला लागलंय हे एव्हाना माझ्या लक्षात आलं होतं. आयुष्यभर त्या सगळ्यांच्या खांद्याला लागत होत्या, आज पहिल्यांदा भावकीच्या डोक्यावरून बघत होत्या. आणि बघत होत्या ते बोलून दाखवत होत्या. भावजींना म्हणाल्या, तुला मागं चांगलंच टक्कल पडलंय की रे. वन्संना म्हणाल्या, केस रंगवतीस ते बरंय, पण भांगात पांढरं राहिलंय. ह्यांना म्हणाल्या, तू तिकडं खांबाआड उभा राहून भजी खायलास, मला दिसतंय. ह्यांनी भजं खिशात घातलं.

अशा वेळी कुणीतरी जिन्यावरून ओरडलं की नळाला पाणी आलं.

सोलापूरकराला पुढचं सांगायला नको. आमच्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, आणि आलं की माणूस लग्नातल्या बोहल्यावरूनसुद्धा उठतो. बघता बघता निम्मा मांडव रिकामा झाला. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका पदर खोचून जिन्यानं वर पळाल्या, त्यांच्यामागं त्यांचे नवरे, आणि त्या नवऱ्यांत पारडं धरायला नेमलेले चौघेही होते. मला हवेतून हुकूम आला, आपलं पिंप कुणी लावलंय का बघ. मी वर गेले, पिंप लावलं, घागरी लावल्या, खाली आले. आक्का होत्या तिथंच होत्या. मी क्षणभर पायरीवर बसले आणि खरं सांगते, मला वाटलं की हे असंच राहू दे. आक्का तिथं वर सुखात आहेत, मी इथं सुखात आहे.

पण गुरुजींना दुसऱ्या घरी वास्तुशांतीला जायचं होतं. ते म्हणाले, बाहेरच्या वस्तू नकोत तर अन्न द्या, अन्न देहात जातं, ते देहाचंच. हा तोडगा आक्कांना पटला. मी ताट वाढून आणलं. पुरणपोळी, तूप, भात. मी खाली उभी, आक्का वर मांडी घालून बसलेल्या, आणि मी हात उंच करून घास भरवतेय, असा तो देखावा. दोन घास झाले आणि आक्का म्हणाल्या, "साकु."

मी म्हटलं, आक्का, दोन घासांनी काटा हलत नसतो. त्यांनी माझा हात बाजूला केला. तेव्हा त्यांच्या हातातल्या हिरव्या बांगड्या खळ्ळकन घसरल्या, त्या थेट कोपरापर्यंत गेल्या. मनगट एवढंसं होतं.

मी ते मनगट रोज बघत होते. रोज त्यांच्या हातात चहाचा कप देत होते, रोज त्यांचा पदर नीट करत होते. आणि मला दिसलं नव्हतं. भाकरी अर्धीची चतकोर झाली, चतकोराची दोन घास झाली, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की वयाप्रमाणं आहार कमी झालाय. साठ धरा म्हणाले, मी धरले, वर पाच केले. समोर बसलेली बाई त्याच्या निम्म्याला आली होती आणि मी पोत्यानं दाणे भाजत होते. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. हातातलं ताट वाकडं झालं आणि तूप माझ्याच पायावर सांडलं.

"का रडायलीस?" आक्कांनी विचारलं.

"किती वाळलात हो तुम्ही," मी म्हटलं, "आणि मला कळलंच नाही."

"वाळणारच की. वाळायचं वय हाय." मग त्या चटणीच्या ढिगाकडं बघत बसल्या. डब्यांवर डबे, वर झेंडू. डबे बोटानं मोजून म्हणाल्या, "जादा हाय ते माझं न्हाय. ते कुणी कांडलं?"

मी ताट खाली ठेवलं.

"तूच न्हवं? मग ते तुझं हाय. तू बस वर, म्हंजे बरोबर हुतंय."

गुरुजींनी विचार केला आणि चालतं म्हणाले. (त्यांना वास्तुशांतीला उशीर होत होता, ते काहीही चालवून घेणार होते.) भावजींनी स्टूल आणलं. हे म्हणाले, अगं, जपून. मी स्टुलावर चढले, साखळी धरली आणि आक्कांच्या शेजारी फळीवर टेकले.

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आक्का जेवढ्या वाळल्या होत्या, तेवढं मी टेकल्यावर कमी-जास्त भरून निघेल असा सगळ्यांचा अंदाज होता. माझं वजन किती हे कुणी विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

फळी अशी खाली आली की बुडाखालची गादी फुस्स झाली! आणि पलीकडं चटणी वर गेली, तीही सावकाश नाही. वरच्या डब्यांची झाकणं उडाली, त्यामागं चटणी उडाली, आणि सकाळच्या उन्हात पार्किंगभर लाल धुकं पसरलं. भावजींचा पांढरा कुर्ता गुलालात गेल्यासारखा झाला. वन्संच्या भांगातलं पांढरं झाकलं गेलं. गुरुजी मंत्र म्हणायला तोंड उघडत होते, त्यांना तिखटाचा ठसका लागला. पाणी भरून जिन्यानं खाली येणारी मंडळी तिथंच शिंकायला लागली. व्हिडिओवाल्यानं डोळे चोळले आणि मग तो तसाच चाचपडत नळाकडं गेला.

मी गादीत रुतून बसले होते. माझ्या शेजारी आक्का. त्यांच्या इरकलीवर, मांडीवर, हातावर चटणी. मला वाटलं, आता संपलं, आता कानडी सुरू होणार. आक्कांनी मांडीवरची चिमूट उचलली. दोन बोटांत चोळली. बोटं डोळ्यांसमोर धरून उन्हात बघितली. मग जिभेवर ठेवली.

"तेल सुटलंय," त्या म्हणाल्या. "चटणी हाय ही."

शिंका चालू होत्या, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं. ऐकलं फक्त मी. पस्तीस वर्षांनी पास झाले ती अशी, पार्किंगमध्ये, फुस्स झालेल्या गादीवर, वरच्या डब्यांतली चटणी लोकांच्या डोळ्यांत गेल्यावर. मला अजून रडू येत होतं, पण ते रडणं वेगळं होतं. नाही म्हणायला तिखटही गेलं होतं.

तरी बरोबरी झाली नव्हतीच. आता आमचं पारडं जमिनीवर आणि चटणी वर. आक्का म्हणाल्या, तू जरा जास्तच हाईस की गं. उठ. मी उठले तर त्या पुन्हा निघाल्या वर. मी बसले तर पुन्हा खाली. शेवटी त्यांनीच सांगितलं, पुरती बसू नको, पाय ठेव. मी एक पाय जमिनीवर ठेवला, चप्पल काढून दुसरा फळीवर ठेवला, आक्कांच्या पदराच्या काठाला लागून, आणि थोडा थोडा भार देत गेले. दांडी हलली, डुगडुगली, आणि हळूहळू आडवी झाली. अगदी सरळ. तिकडं उरलेली चटणी, इकडं आक्का आणि माझा एक पाय.

आक्का हसल्या. अशा हसल्या की नथ ओठांवर आपटली. मी एका पायावर लटपटत होते, खांदा ठणकत होता, गुरुजी शिंकत शिंकत आशीर्वाद देत होते, आणि फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला.

पुढच्या थंडीत आक्का गेल्या. दुखणं असं काही नव्हतं. तुलेनंतर मी त्यांच्या मागं लागून भरवत राहिले, आणि त्या दोन घासांनंतर साकु म्हणत राहिल्या. एका दुपारी चहा घेतला, कप माझ्या हातात दिला, कुशीवर वळल्या आणि झोपेतच गेल्या. मला त्यांची फार आठवण येते. खोटं नाही सांगत. आता मी कांडते तेव्हा चिमूट घ्यायला कुणी नसतं, आणि चटणी झाली का कूट राहिलं ते मला एकटीला ठरवावं लागतं.

दिवस करताना भिंतीवर लावायला फोटो हवा होता. सगळे फोटो काढून बसलो. प्रत्येकात आक्का फोटोग्राफरवर रागावलेल्या. हसत होत्या त्या एकाच फोटोत, तुलेच्या. फोटोग्राफरनं त्यातून मला कापलं, पण पाय कापता येईना, तो आक्कांच्या पदराला चिकटून होता. भावजी म्हणाले, कॉम्प्युटरवर पाय पुसून टाकू, आजकाल काहीही पुसता येतं. मी म्हटलं, राहू दे. तो पाय काढला तर फळी वर जाईल. भावजींना ते इंजिनिअर असल्यामुळं पटलं.

तर आता हॉलमध्ये तो फोटो आहे. आक्का फळीवर बसून हसतायत आणि खाली कोपऱ्यात घोट्यापर्यंतचा माझा पाय. ह्यांनी खिळा जरा खाली ठोकला, त्यामुळं हार घातला की तो लोंबून बरोबर पायावर येतो. येणारा प्रत्येक माणूस वाकतो आणि फोटोच्या खालच्या कडेला हात लावून नमस्कार करतो. परवा शैलावन्सं आल्या. डोळे मिटून उभ्या राहिल्या, फूल वाहिलं, आणि माझ्या पायाला तीनदा कपाळ टेकवलं.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. एवढी वर्षं या घरात राबले, पण नणंद पाया पडेल असं स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं. आधी कळलं असतं, तर त्या दिवशी सकाळी निदान टाचा तरी घासून घेतल्या असत्या.